तरुण मेंदू, मद्य-तंबाखू आणि सेरोटोनिन : चिकित्सालयात न विचारलेला प्रश्न

आपल्या त्रैमासिकात चिकित्सक बहुधा यशस्वी रुग्णांचे अनुभव लिहितात आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा आरंभ मात्र माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने करीत आहे. ती चूक आपल्यापैकी कोणाच्याही हातून घडू शकते, किंबहुना कळत-नकळत घडत असावी, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी एक माता आपल्या बावीस वर्षांच्या मुलास घेऊन माझ्या चिकित्सालयात आली. मुलगा शहरात अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होता व सुट्टीत गावी आला होता. निद्रानाश, चिडचिड, अग्निमांद्य, अभ्यासात लक्ष न लागणे अशा तक्रारी होत्या. नाडी, जिह्वा, प्रकृती पाहिली. वातपित्तप्रधान चित्तोद्वेग असे निदान केले. ब्राह्मी वटी आणि ३० मिली सारस्वतारिष्ट समभाग पाण्यातून दोन वेळा, अशी योजना लिहून दिली. औषधे शेजारच्याच दुकानातून घेतली गेली. व्यसनाविषयी मी विचारले नाही असे नाही. परंतु आईच्या समक्ष विचारले, आणि आईच्या समक्ष जे उत्तर मिळायचे तेच मिळाले.

त्याच रात्री पहिली मात्रा घेतल्यावर अर्ध्या तासात मुलाचा चेहरा लालबुंद झाला, छातीत धडधड सुरू झाली, उलट्या झाल्या, रक्तदाब उतरला. ग्रामीण रुग्णालयात रात्र काढावी लागली. सकाळपर्यंत प्रकृती सावरली. तेव्हा उलगडा झाला. मुलगा शहरातील मनोविकारतज्ज्ञांकडे मद्यमुक्तीसाठी उपचार घेत होता व डायसल्फिराम नावाची गोळी नियमित घेत होता. मद्यापासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होते. त्याचे पुढील विघटन ही गोळी रोखून धरते. त्यामुळे थोडा मद्यांश पोटात गेला तरी वरील लक्षणे उद्भवतात. मुलाने घरी काही सांगितले नव्हते. ‘दारू पिऊ नकोस’ ही सूचना तो कसोशीने पाळत होता. आयुर्वेदाच्या काढ्यासारख्या औषधात मद्यांश असतो, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. मीही नाही आणि औषध देणाऱ्या दुकानदारानेही नाही.

पुढे तो एकटा भेटावयास आला. चौदाव्या वर्षी शाळेमागच्या टपरीवर मावा, सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर बिअर, अठराव्या वर्षी वसतिगृहात दोन्ही नित्याचे, असा क्रम त्याने सांगितला. त्याचे एक वाक्य माझ्या स्मरणात राहिले आहे : “डॉक्टर, घेतली की मन हलकं व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट जड व्हायचं.” या ‘दुप्पट जड’ होण्याचा अर्थ शोधताना जे वाचनात आले, ते वैद्यबंधू-भगिनींसमोर व औषधविक्रेत्यांसमोर मांडत आहे.

सेरोटोनिन : समज व गैरसमज

इटलीतील शास्त्रज्ञ व्हित्तोरियो एर्स्पामर यांनी १९३० च्या दशकात आतड्याच्या आवरणातून एक द्रव्य वेगळे केले. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनी १९४८ मध्ये रक्तातून एक रक्तवाहिनी-संकोचक द्रव्य मिळवले व त्यास सेरोटोनिन हे नाव दिले. दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९५३ मध्ये बेटी ट्वॅरॉग व पेज यांनी ते मेंदूतही असल्याचे दाखवले.

शरीरातील सेरोटोनिनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आतड्यात असतो. मेंदूतील सेरोटोनिन अत्यल्प असते. मस्तिष्कस्तंभातील रॅफे नावाच्या केंद्रसमूहातील चेतापेशी ते तयार करतात. तेथून निघालेले तंतू मात्र जवळजवळ संपूर्ण मेंदूत पसरतात. निद्रा, क्षुधा, वेदना, मनःस्थिती आणि आवेगावरील संयम या सर्वांच्या नियमनात त्यांचा सहभाग असतो.

रक्तातील सेरोटोनिन मेंदूत प्रवेश करू शकत नाही. मेंदूला ते ट्रिप्टोफॅन या अमायनो आम्लापासून स्वतःच बनवावे लागते. म्हणून ‘केळ्यात सेरोटोनिन असते, केळे खाल्ले की मन प्रसन्न’ हे विधान अशास्त्रीय ठरते. रक्तातील सेरोटोनिन तपासून मनोविकाराचे निदान करणेही त्याच कारणाने निराधार आहे.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते’ हे सोपे समीकरण अनेक वर्षे प्रचलित होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पुनरावलोकनात या समीकरणास सुसंगत पुरावा आढळला नाही. म्हणून पुढील विवेचनात सेरोटोनिनला ‘आनंदरस’ न मानता, मेंदूच्या अनेक नियामकांपैकी एक महत्त्वाचा नियामक एवढेच मानावे.

तरुण मेंदूचे वैशिष्ट्य

वयाच्या अठराव्या वर्षी कायद्याने मनुष्य सज्ञान होतो. मेंदू मात्र होत नाही. १९९० च्या दशकापासून चुंबकीय प्रतिमातंत्राने झालेल्या अभ्यासांतून असे दिसले, की मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे जेथे परिणामांचा विचार होतो व आवेगास आवर घातला जातो तो भाग, सर्वांत शेवटी, साधारण विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होतो. सुखाची ओढ निर्माण करणारी केंद्रे त्याआधीच कार्यक्षम झालेली असतात. घोडा तयार झाला आहे, लगाम अजून विणला जात आहे, अशी ही अवस्था. सेरोटोनिनचे तंतू या विणकामात स्वतः सहभागी असतात. प्रौढाच्या मेंदूत मद्य वा निकोटीन तयार यंत्रणेवर आघात करते. पौगंडावस्थेत ते यंत्रणेच्या घडणीतच हस्तक्षेप करते.

मद्याचा परिणाम

मद्य प्राशन केल्यावर प्रथम मेंदूच्या काही भागांत सेरोटोनिनचे स्रवण वाढते. सेरोटोनिनच्या रिसेप्टरांपैकी ‘५-एचटी३’ या प्रकाराचे कार्य मद्यामुळे प्रत्यक्ष वाढते. याच रिसेप्टरांमार्फत सुखकेंद्रातील डोपामिन उत्तेजित होते, आणि वमनाची प्रेरणाही याच प्रकारच्या रिसेप्टरांशी निगडित आहे. वांतीसाठी वापरले जाणारे ऑन्डॅन्सेट्रॉन हे औषध याच रिसेप्टरांना अडवते. २००० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या औषधाने मद्यपान कमी झाले, परंतु ते केवळ तरुण वयातच व्यसन जडलेल्या रुग्णांत; उशिरा व्यसन लागलेल्यांत तसे झाले नाही. हे औषध व्यसनमुक्तीची रूढ चिकित्सा झालेले नाही. परंतु लवकर जडलेले व्यसन आणि उशिरा जडलेले व्यसन यांच्या मुळाशी मेंदूतील भिन्न स्थिती असावी, असा संकेत त्यातून मिळतो.

पहिली लाट ओसरल्यावर चित्र उलटते. मद्यामुळे यकृतातील ट्रिप्टोफॅनचे विघटन करणारे विकर अधिक सक्रिय होते व मेंदूस मिळणारा कच्चा माल घटतो. दीर्घकाळच्या मद्यपानात आहार निकृष्ट होतो, ‘बी६’ व ‘बी१’ ही जीवनसत्त्वे कमी पडतात. त्यांपैकी ‘बी६’ सेरोटोनिनच्या निर्मितीस थेट आवश्यक आहे. मद्य थांबवल्यानंतरच्या काळात प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिनचे स्रवण घटलेले आढळते. ‘दुप्पट जड’ याचा एक अर्थ येथे सापडतो. तो जडपणा घालवण्यासाठी पुन्हा पेला हाती येतो आणि चक्र पूर्ण होते.

१९८० च्या दशकात फिनलंडमध्ये झालेल्या अभ्यासांत, आवेगाच्या भरात हिंसा केलेल्या व बहुतांशी मद्यासक्त असलेल्या पुरुषांच्या मस्तिष्कद्रवात सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारे द्रव्य कमी आढळले. परंतु ही न्यूनता मद्याचे कारण की मद्याचा परिणाम, हे अशा अभ्यासांतून ठरत नाही. म्हणून प्राण्यांवरील प्रयोगांकडे वळावे लागते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना केवळ पौगंडावस्थेत खंडित पद्धतीने, म्हणजे काही दिवस देऊन काही दिवस थांबून, मद्य दिले. ते उंदीर प्रौढ झाल्यावरही त्यांच्या रॅफे केंद्रातील सेरोटोनिनयुक्त चेतापेशींची संख्या घटलेली आढळली. मात्र ज्या उंदरांना धावण्याचे चक्र उपलब्ध करून दिले होते, त्यांच्यात ही हानी टळली. उंदरावरील निष्कर्ष मनुष्यास जसाच्या तसा लागू करता येत नाही, हे मान्य करूनही व्यायामाचे हे फळ आपल्या संप्रदायाने दुर्लक्षू नये.

तंबाखूचा परिणाम

आपल्या राज्यात तंबाखू म्हणजे प्रामुख्याने धूर नव्हे, तर चघळणे होय. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते व त्यांत धूरविरहित तंबाखूचा वाटा फार मोठा होता. २०१९ च्या पाहणीत देशातील १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखूसेवन करणारे आढळले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी मावा व खर्रा ही नावे कोणत्याही महाविद्यालयाच्या परिसरात अपरिचित नाहीत.

तळहातावर तंबाखूत चुना मळण्यामागे एक रसायनशास्त्र आहे. चुन्याच्या क्षारतेमुळे निकोटीन मुक्त स्वरूपात येते व गालाच्या श्लेष्मल त्वचेतून झपाट्याने शोषले जाते. धुरातून ते काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. मळलेल्या तंबाखूतून ते सावकाश चढते, पण दीर्घकाळ टिकते.

निकोटीन ॲसिटिलकोलीनच्या रिसेप्टरांवर कार्य करते. असे रिसेप्टर डोपामिनच्या केंद्रात आहेत तसेच सेरोटोनिनच्या रॅफे केंद्रातही आहेत. त्यामुळे सेवनानंतर दोन्हींचे स्रवण वाढते. वारंवार सेवनाने रिसेप्टरांची संख्या वाढते, आणि निकोटीन न मिळाल्यास हे वाढीव रिसेप्टर जणू उपाशी राहतात. चिडचिड, अस्वस्थता, उदासी, एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे त्यातून येतात. ‘तंबाखूने डोके शांत होते’ असे तरुण सांगतो, तेव्हा तो बहुधा तंबाखूनेच निर्माण केलेल्या अशांततेचे शमन अनुभवत असतो. सोडल्यानंतर पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. तीन-चार आठवड्यांत लक्षणे ओसरतात. तंबाखू सोडणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य दीर्घकाळात सुधारते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. रुग्णास हे आधीच सांगितले तर तो पहिल्या आठवड्यात हार मानत नाही.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पौगंडावस्थेतील उंदरांना सुमारे दोन आठवडे निकोटीन देण्यात आले. निकोटीन थांबवून ते प्रौढ झाल्यावरही त्यांच्या सेरोटोनिन यंत्रणेत बदल शिल्लक होते आणि नर-मादींत ते वेगवेगळे होते.

धूम्रपानाची आणखी एक बाब. सेरोटोनिन व डोपामिनचे विघटन करणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत कमी आढळते. १९९६ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेने त्याच्या ‘बी’ प्रकारात सुमारे ४० टक्के, तर ‘ए’ प्रकारात सुमारे २८ टक्के घट नोंदवली. ही घट निकोटीनमुळे नव्हे, तर धुरातील अन्य घटकांमुळे होते. म्हणजे बिडी-सिगारेट ओढणारा अजाणतेपणी एक प्रकारचे मनोव्यापारावरील औषधच घेत असतो, आणि तेही मात्रा व देखरेख यांवाचून. मद्य व तंबाखू एकत्र आल्यास दोन्ही द्रव्ये त्याच केंद्रांवर दोन दिशांनी कार्य करतात. एकाचा वास वा सहवास दुसऱ्याची इच्छा जागवतो. म्हणूनच ‘दारू सोडली, सिगारेट चालू ठेवली’ अशा तरुणाचे पुन्हा घसरणे सोपे असते.

आयुर्वेदीय विचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात मदात्ययाचे वर्णन आहे. मद्याचे दहा गुण हे ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध आहेत, आणि त्यामुळे मद्य हृदयास्थित ओजास क्षुब्ध करून मनात विकार उत्पन्न करते, हा तेथील सिद्धान्त आपणां सर्वांस ज्ञात आहे. मद्य सोडलेल्या मनुष्याने एकाएकी पुन्हा अतिपान केल्यास होणाऱ्या ध्वंसक व विक्षय या व्याधींचेही तेथे वर्णन आहे. पुनःपतनाकडे एवढे लक्ष देणारा हा विचार आजही मार्गदर्शक ठरतो. मात्र ओज म्हणजे सेरोटोनिन, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा. त्याने ना ओजाचे गौरव होते, ना सेरोटोनिनचे आकलन.

तंबाखूचा उल्लेख बृहत्त्रयीत नाही. ही वनस्पती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. म्हणून ‘धूमपान शास्त्रात सांगितलेच आहे’ हा युक्तिवाद कोणी केल्यास, ते औषधी द्रव्यांचे, नियत काळी व नियत मात्रेत करावयाचे कर्म होते, हे स्पष्ट करावे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अहितकर सवय अंशाअंशाने सोडण्याचा पादांशिक क्रम सांगितला आहे. तंबाखूसाठी हा क्रम उपयुक्त ठरतो. परंतु रोज मद्यपान करणाऱ्यास केवळ या क्रमाच्या भरवशावर घरी ठेवू नये. मद्य थांबल्यापासून सहा ते अठ्ठेचाळीस तासांत आक्षेपक आणि दोन ते चार दिवसांत कंप व प्रलाप उद्भवू शकतात. ती प्राणघातक अवस्था आहे. अशा रुग्णास रुग्णालयाच्या देखरेखीखालीच मद्यमुक्त करावे.

चिकित्सकांनी काय करावे

१. पंधरा ते पंचवीस वयोगटातील निद्रानाश, चिडचिड, उदासी वा अभ्यासातील अपयश घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णास एकांतात पाच मिनिटे द्यावीत. ‘व्यसन आहे का?’ असे न विचारता ‘मावा दिवसाला किती पुड्या? बिअर आठवड्यातून किती वेळा?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नास उत्तर ‘नाही’ असते. दुसऱ्यास बहुधा आकडा असतो.

२. सध्या चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या पाहाव्यात. डायसल्फिराम घेणाऱ्यास व मद्यमुक्तीच्या मार्गावरील कोणत्याही रुग्णास आसव-अरिष्टे देऊ नयेत. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश साधारण ५ ते १२ टक्के असतो. तो ८ टक्के धरला, तर ३० मिलीच्या मात्रेत सुमारे २.४ मिली मद्य जाते. निरोगी मनुष्यास ते नगण्य. या रुग्णास नव्हे. तीच द्रव्ये वटी, चूर्ण, क्वाथ वा घृत स्वरूपात उपलब्ध आहेत.

३. मरणाचे विचार येतात का, हे निःसंकोच विचारावे. विचारल्याने ते विचार निर्माण होत नाहीत. उत्तर होकारार्थी असल्यास त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.

४. नित्य व्यायाम, नियमित निद्रा, दूध, डाळी, तीळ यांनी युक्त आहार आणि ज्यांच्या संगतीत व्यसन जडले त्यांच्यापासून काही काळ अंतर यांचा लेखी आराखडा द्यावा. तोंडी दिलेला पथ्योपदेश दाराबाहेर विसरला जातो.

औषधविक्रेत्यांसाठी

दुकानाच्या फळीवरील आसवारिष्टांच्या बाटल्यांविषयी ग्राहकास एक वाक्य सांगणे आपले कर्तव्य आहे : “यात नैसर्गिक मद्यांश आहे, दारू सोडण्याची गोळी चालू असेल तर घेऊ नका.” एखादा तरुण एकाच वेळी अनेक बाटल्या वारंवार नेत असेल, तर ती विक्री नसून लक्षण आहे, असे समजावे.

सेंट जॉन्स वर्ट या परदेशी वनस्पतीची तसेच ‘५-एचटीपी’ची पूरके अलीकडे ‘मनःस्वास्थ्यासाठी’ म्हणून विकली जातात. नैराश्यावरील एसएसआरआय गटाची औषधे घेणाऱ्याने ती घेतल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होऊन कंप, घाम, ज्वर, अतिसार, भ्रम अशी गंभीर अवस्था येऊ शकते. खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन व वेदनाशामक ट्रॅमाडॉल यांबाबतही हाच धोका आहे. ‘वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक’ हे वाक्य आपल्या दुकानातून हद्दपार व्हावे. वनौषधींच्या सिगारेटींत निकोटीन नसले, तरी धुरातील कार्बन मोनॉक्साइड व डांबर असतेच. त्यांची शिफारस करू नये.

अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. बालकास मद्य वा तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ व मानसिक आधारासाठी १४४१६ हे शासनाचे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत. हे तीन क्रमांक गल्ल्याशेजारी लावल्यास खर्च एका कागदाचा येईल.

समारोप

पुण्यातील मुक्तांगणसारख्या संस्थेने १९८६ पासून आपल्या महाराष्ट्राला एक गोष्ट शिकवली आहे : व्यसनी मनुष्य हा दुर्जन नसून रुग्ण आहे. सेरोटोनिनविषयीचे संशोधन त्यास शरीराची बाजू जोडते. चौदाव्या वर्षी तोंडात गेलेला मावा बावीसाव्या वर्षीच्या निद्रानाशात बोलत असतो. तो ऐकू येण्यासाठी वैद्याने विचारले मात्र पाहिजे.

तो मुलगा आजही अधूनमधून येतो. मध्यंतरी एका मित्राच्या लग्नात त्याचा तोल गेला. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः ते येऊन सांगितले. त्याचे मनोविकारतज्ज्ञ व मी, दोघेही एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहतो. सारस्वतारिष्ट माझ्या चिकित्सालयात आजही आहे आणि त्याच्या गुणांवरील माझी श्रद्धाही तशीच आहे. बदलले आहे ते इतकेच, की ते लिहून देण्यापूर्वी मी सोबतच्या नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसण्याची विनंती करतो.